माईंना घेऊन ज्वालामुखीकडे

फेब्रुवारी संपत आला होता. रविवारी सकाळी सात वाजता मी मुलुंडहून ज्वालामुखी बघायला निघाले. जिन्यातच समोरच्या गोखलेकाकू दुधाच्या बाटल्या घेऊन वर येताना भेटल्या.

"एवढ्या सकाळी कुठे गं, नलू?"

"अंधेरीला."

"अगं बाई! कोण गेलं?"

मुलुंडच्या माणसाला अंधेरीला जायला तसंच काहीतरी कारण लागतं. लग्न असलं तरी आम्ही आधी पत्रिकेवरचा पत्ता बघतो आणि मग मनीऑर्डर करतो.

"कोणी गेलं नाही हो काकू. ज्वालामुखी बघायला चाललेय."

काकूंनी क्षणभर विचार केला. "मग पाण्याची बाटली घेतलीस ना?" एवढंच विचारून त्या वर गेल्या.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी शाळेत भूगोल शिकवते. पंधरा वर्षांत जपान, चिली, इटली इथले सगळे ज्वालामुखी मी लाल खडूने फळ्यावर पेटवले आणि तास संपला की ओल्या फडक्याने विझवले. स्वतः मात्र कोल्हापूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. त्यामुळे कुठे भूगोलाचा विषय निघाला की माझी जीभ शेपटीवर पाय पडल्यासारखी उसळते. हा सगळा प्रवास त्या जिभेने घडवला.

झालं असं. पंधरवड्यापूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं, शैलाचं, घाटकोपरला डोहाळजेवण झालं. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, सातवं येणार, म्हणून शैला आणि तिच्या नवऱ्याने, सुधीरने, अंधेरीला एक जागा बघून ठेवली होती. तिसरा मजला, तीन खोल्या, पश्चिमेचा वारा. सगळ्या बायका कौतुकाने विचारत होत्या, नेमकी कुठे, नेमकी कुठे. शैला म्हणाली, "तो गिल्बर्ट हिल म्हणतात ना, गावदेवीचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी." आणि मी, हातात जिलबी धरून, कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, "अगं, तो साधा डोंगर नाहीच! तो लाव्हा आहे. ज्वालामुखीतून आलेला!"

शैलाच्या सासूबाई, माई, तेव्हा पंक्तीत तूप वाढत होत्या. त्यांच्या हातातली तुपाची वाटी जागच्या जागी थांबली.

"कशाचा?" त्यांनी विचारलं.

मी आणखी पाच मिनिटं समजावून सांगितलं. भूगोलाच्या शिक्षिकेने पाच मिनिटं समजावलं की काय होतं हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. त्याच संध्याकाळी माईंनी जाहीर केलं, "माझं नातवंड ज्वालामुखीच्या तोंडाशी मी नेऊ देणार नाही." घरात माईंच्या शब्दापुढे कोणी जात नाही. जागेचा होकार-नकार सोमवारी कळवायचा होता, नाहीतर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार होती. शैला रडून रडून थकली आणि शेवटी मला म्हणाली, "ताई, तू बोललीस, आता तूच निस्तर."

म्हणून हा रविवार. माईंना ज्वालामुखी दाखवून आणायचा आणि त्याची भीती घालवायची, असा बेत होता.

घाटकोपरला पोचले तेव्हा माई तयार होऊन बसल्या होत्या. अंगावर निळी नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि देवीसाठी खण-नारळ. वय बासष्ट, अंगकाठी बारीक, आवाज मात्र माजघरातून रस्त्यापर्यंत जाणारा. मोरीच्या बाजूला कोपऱ्यात त्यांचा पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. शैलाने लग्नानंतर मिक्सर आणला; माई त्याला 'ते भुंकणारं' म्हणतात आणि त्यातली चटणी खात नाहीत.

"मी येते, बघते," माईंनी चपला घालता घालता अट घातली, "पण मनाला पटलं नाही तर नाही म्हणजे नाही. मग तू नकाशे दाखवायचे नाहीस."

मी पिशवीतला नकाशा आणखी आत ढकलला. दारात शैला पोटावर हात ठेवून उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पहिल्यांदाच त्या जिलबीची लाज वाटली.

साकीनाक्यावरून अंधेरीला जाणाऱ्या बसमध्ये आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टर आला तशा माई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ज्वालामुखीला दोन."

कंडक्टरने पंच टिकटिकवला. "अंधेरी ठेसनची देतो, आजी. पुढे चालत जावा, जवळच असंल."

मी धडा सुरू केला. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. ते खालच्या तापलेल्या थरावर अगदी हळूहळू, नखं वाढतात तितक्या वेगाने सरकत असतात. हे माईंना पटेल अशा भाषेत सांगायचं म्हणून मी चाळीत शिरले.

"हे बघा माई, दोन बिऱ्हाडं शेजारी असली की भांडण कुठे होतं? मधल्या भिंतीवर. मोरीच्या पाण्यावरून, दोरीवरून, उंबऱ्यावरून. तसंच पृथ्वीचं आहे. भूकंप, ज्वालामुखी जास्त करून या तुकड्यांच्या कडांवर होतात. दोन तुकडे समोरासमोर भिडले की जमीन चुरगळून हिमालय होतो. दोन एकमेकांपासून लांब गेले की मधल्या फटीतून लाव्हा वर येतो, ते बहुतेक समुद्राच्या तळाशी. काही ठिकाणी नुसते खांद्याला खांदा घासत जातात. आणि जपानकडे, आपल्या अंदमानकडे, एक तुकडा दुसऱ्याच्या खाली जातो. खोल गेला की वरचा खडक वितळायला लागतो आणि मग तो रस ज्वालामुखीतून बाहेर पडतो."

"म्हणजे सून सासूच्या हाताखाली जाते," माई म्हणाल्या, "आणि मग एक दिवस उसळते."

"हो," मी म्हणाले. भूगोलाच्या पुस्तकात हे इतक्या थोडक्यात नाही. "पण मुंबई या कडांपासून शेकडो मैल लांब, घराच्या मधोमध आहे. मधोमध शांतता असते."

माईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "घराच्या मधोमध भांडणं होत नाहीत असं तुला कोणी सांगितलं, नलू? लग्न करून बघ."

पुढच्या सीटवरचे गृहस्थ मानेपर्यंत लाल होऊन हसले. माई शास्त्राला धरूनच बोलल्या होत्या. भूपट्टाच्या मधोमधही जुन्या भेगा असतात आणि त्या कधीतरी कुरकुरतात. पण ते तेव्हा सांगण्याची सोय नव्हती. साकीनाक्याला ट्रकांच्या गर्दीत बस अर्धा तास अडकली आणि तेवढा वेळ माई त्या गृहस्थांना शैलाच्या डोहाळ्यांबद्दल सांगत राहिल्या.

अंधेरीला पूल ओलांडून पश्चिमेला आलो आणि रिक्षा केली. बाजारातून, गाद्यांच्या दुकानांवरून, एका गॅरेजला वळसा घालून रिक्षा एका गल्लीत शिरली आणि समोर एकदम तो उभा राहिला. चारी बाजूंना घरं, वाळत घातलेले कपडे, टीव्हीच्या अँटेना, आणि मधोमध पंधरा-वीस मजले उंच, सरळसोट काळा कडा. सबंध कडा उभ्या दगडी खांबांचा. कोणी पंचकोनी, कोणी षटकोनी, एकाला एक चिकटून उभे. पंधरा वर्षं मी हे खांब फळ्यावर काढत आले होते. खरे समोर आले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"शेवग्याच्या शेंगांची जुडी उभी केल्यासारखा दिसतो," माई म्हणाल्या.

"लाव्हा निवताना आक्रसतो, म्हणून असे कोन पडतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला, माई. पार थंड आहे."

"बघू," म्हणून माई सरळ कड्याजवळ गेल्या आणि तापाच्या पोराला बघावं तसा त्यांनी आधी हाताचा पंजा आणि मग गाल दगडाला लावला. दुसऱ्या क्षणी त्या मागे सरल्या.

"गरम आहे!"

मी हात लावला. खरंच गरम होता. सकाळपासून उन्हं त्या बाजूला होती आणि काळा दगड तव्यासारखा तापला होता. हे मी समजावून सांगितलं, पण 'पार थंड' हे शब्द माझ्याच तोंडून अर्ध्या मिनिटापूर्वी निघाले होते. शेवटी मी माईंना हाताला धरून, एका कुंपणाखालून वाकवून, दोन कोंबड्या आणि एका चिडलेल्या बकरीला ओलांडून डोंगराच्या सावलीच्या बाजूला नेलं. कुंपणाच्या तारेत माझा पदर वीतभर फाटला. माईंनी तिथे पुन्हा गाल लावला.

"हं. इथे गार आहे," त्या म्हणाल्या. "एका अंगाने ताप उतरलाय."

वर जायला खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत, चांगल्या उभ्या. माई मध्ये दोनदा थांबल्या, मी सहादा. माथ्यावर गावदेवीचं देऊळ, चार झाडं आणि भन्नाट वारा. पुजाऱ्यांनी खण-नारळ घेतला आणि कौतुकाने सांगितलं, "फार जागृत देवी आहे हो आमची."

माईंनी मान माझ्याकडे वळवली. "जागृत?"

"देवी, माई. देवी जागृत आहे. ज्वालामुखी मेलाय."

"कोन मेला?" शेजारून आवाज आला. हिरव्या लुगड्यातली, डोक्यात अबोलीची वेणी माळलेली एक कोळीण ओटी भरायला आली होती. वर्सोव्याची, नाव जनाबाय. माईंनी तिला सगळी हकिगत सांगितली: नातवंड, जागा, ज्वालामुखी आणि मी, या क्रमाने. जनाबाय पोटभर हसली.

"अगो बाय, ह्यो डोंगर?" तिने पश्चिमेला बोट केलं. तिकडे झाडांच्या पलीकडे खाडी आणि समुद्राची पट्टी चमकत होती. "आमच्या बोटी म्हावरं (मासे) घेऊन दर्यातून येतान, तवा पयला ह्योच दिसतंय. ह्यो दिसला का नाखवा (होडीचा मालक) बोलतंय, चला, आयलू घरा. आमच्या आज्यापणज्यापासना ह्याच्याच अंदाजानं येतान. ह्यो कवा हालला नाय, कवा हालनार नाय."

आता खरं सांगायचं तर हा डोंगर हलतो. सबंध भारताचा भूपट्ट वर्षाला चार-पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो, त्याच्याबरोबर डोंगर, देऊळ, वर्सोवा आणि जनाबायही सरकते. हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. मी ते गिळलं. माझ्या आयुष्यात गिळलेलं हे भूगोलाचं दुसरं वाक्य, पहिलं सकाळी बसमध्ये. जनाबायने जाताना माईंच्या हातावर ओटीतलं अर्धं खोबरं ठेवलं.

झाडाखाली माईंनी डबा उघडला. थालीपीठं आणि पाट्यावर वाटलेली लसणाची चटणी. वाऱ्यावर उभं राहून खाल्लेल्या त्या थालीपिठाची चव मी विसरणार नाही. पण मी शिक्षिका आहे, मला खाता खाताही गप्प बसवत नाही.

"माई, मग इथे मधोमध लाव्हा आला कसा, असं तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं. तू सांगणारच आहेस."

मी डब्याच्या झाकणावर चटणीचा गोळा ठेवला. "ही चूल. पृथ्वीच्या पोटात खोलवर एके ठिकाणी पेटलेली. चूल जागची हलत नाही." मग थालीपीठ त्याच्यावर धरलं. थालीपिठाला तेल सोडायला मध्ये भोक असतंच. "हा आपला देश. तेव्हा तो पार दक्षिणेला होता. सरकत सरकत या चुलीवर आला आणि भोकांतून लाव्हा वर आला, थरावर थर. बहुतेक सगळा महाराष्ट्र त्याचाच आहे. मग देश पुढे सरकला, चूल मागे राहिली." मी थालीपीठ उत्तरेला सरकवलं. "ती चूल आता हिंदी महासागरात, आफ्रिकेकडच्या एका बेटाखाली आहे. तिथे अजून धुमसते. आपल्याखाली आता काही पेटलेलं नाही."

माईंनी झाकणावरची चूल बोटाने उचलून खाल्ली आणि भारताचा तुकडा मोडला. "हे पटतंय," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. सोमवारचं काम फत्ते झालं असं मला वाटलं, आणि मी उत्साहाच्या भरात म्हणाले, "साडेसहा कोटी वर्षांत या डोंगराखालची जमीन..."

खाली कुठेतरी शिट्टी वाजली. कोणीतरी ओरडलं. आणि धडाड करून असा आवाज झाला की देवळातली घंटा आपोआप किणकिणली. पायाखालचा खडक थरथरला. झाडावरचे कावळे एकदम उडाले.

पलीकडच्या एका खाणीत सुरुंग लावला होता, एवढंच. पुजाऱ्यांनी मान वरही केली नाही. पण माईंनी माझा हात धरला तो इतका घट्ट की माझी बांगडी वाकली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी हसून काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्याकडे पाहून थांबले.

"माई, सुरुंग आहे. खाणीतला."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात बोलू लागल्या. माईंचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"सदुसष्ट साली मी माहेरी होते. पाटणकडे. सुधीर नऊ वर्षांचा. पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तू पुस्तकात वाचला असशील. मी त्याच्यात होते. सुधीरला ओढत अंगणात आणलं आणि मागे वळून बघते तर स्वयंपाकघराची भिंत नव्हती. आमची सगळी वाचली. शेजारची काशीकाकू नाही वाचली. थंडीत आम्ही उजाडेपर्यंत अंगणात उभे होतो आणि जमीन राहून राहून अशीच थरथरत होती. अगदी अशीच. तू त्या दिवशी पंक्तीत हसत हसत बोललीस, नलू. मला सुधीरचा हात आठवला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा दिवस मी माईंना अडाणी समजत होते, आणि भूकंप म्हणजे काय हे आम्हा दोघींत फक्त त्यांना माहीत होतं. मी तसं त्यांना सांगितलं आणि माफी मागितली.

"माफी राहू दे," त्या म्हणाल्या. "एक सांग. कोयना तरी कुठे तुझ्या त्या भिंतीवर होती? मधोमधच ना? मग इथे तसं काही होणार नाही असं लेखी देतेस?"

शैलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं.

"नाही देऊ शकत, माई," मी म्हणाले. "इथे ज्वालामुखी फुटणार नाही हे देते. भूकंपाचं कोणीच लेखी देऊ शकत नाही. अंधेरीला नाही, घाटकोपरला नाही, मुलुंडलाही नाही. धोका कडांपेक्षा पुष्कळ कमी, एवढंच खरं."

माईंनी डबा बंद केला, पदर खोचला आणि पायऱ्या उतरू लागल्या. मी मागून चालले होते आणि शैलाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. सगळी 'खरं म्हणजे'पासून सुरू होत होती.

पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, गोणपाटाच्या सावलीत एक पाथरवट बाई पाटे-वरवंटे घडवत बसली होती. छिन्नीचा टक्‌टक् आवाज ऐकून माईंचे पाय आपोआप तिकडे वळले. पाट्याला टाकी लावणं (चटणी नीट वाटली जावी म्हणून छिन्नीने बारीक खाचा पाडणं) हा माईंचा जिव्हाळ्याचा विषय. घाटकोपरला टाकीवाली आली की त्या जवळ बसून एकेक खाच मोजून घेतात.

"कसा दगड?" माईंनी बसत विचारलं.

"बोलवून बगा की," ती बाई म्हणाली.

माईंनी एक वरवंटा उचलला, बोटाचं पेर त्याच्यावर आपटलं आणि कान जवळ नेला. दुसरा घेतला, तो बाजूला ठेवला. "हा फुटका. आत चीर आहे." बाईने चमकून पाहिलं, स्वतः आपटून ऐकला आणि मुकाट्याने मागे टाकला. तिसरा वाजला तशा माईंचा चेहरा बदलला. त्यांनी तो पुन्हा वाजवला, हात फिरवला, जिभेला बोट लावून दगडाला लावलं आणि पुसून रंग पाहिला.

"अगदी माझ्या पाट्यासारखा बोलतो."

"तुमचा कुटला?"

"पाटणचा. आईचा. भूकंपात भिंत पडली ती त्याच्यावरच. तांब्या-पितळेची भांडी चपटी झाली होती. याला ओरखडा नव्हता. आईने तेव्हाच मला दिला."

"मंग ह्योच की दगड," ती बाई सहज म्हणाली. "काळा पाषाण. तिकडं घाटावर बी ह्योच, हितं बी ह्योच. आमी सगळीकडं फोडतो, आमास्नी ठावं."

माई वळल्या. "नलू?"

मी जेमतेम तीन शब्द बोलले. "एकाच चुलीवरचा, माई."

माई त्या वरवंट्याकडे बघत राहिल्या. मग डोंगराकडे. मग परत वरवंट्याकडे.

"म्हणजे माझी आई जन्मभर आणि मी एकोणीस वर्षं," त्या सावकाश म्हणाल्या, "ज्वालामुखीवर चटणी वाटतोय?"

"हो."

"आणि मघाशी तू ती खाल्लीस."

"दोनदा घेतली."

पाथरवट बाईला काही कळलं नाही, पण माई हसायला लागल्या तशी तीही हसली. माईंनी काही घेतलं नाही. फक्त उठताना तिच्या हातावर जनाबायने दिलेलं खोबरं ठेवलं आणि मला म्हणाल्या, "ती जागा कुठे आहे म्हणालीस?"

दोन गल्ल्या पुढे. इमारतीला रंग लागायचा होता. रखवालदाराने वरपर्यंत सोडलं. माईंनी बैठकीची खोली पाहिली नाही, गॅलरी पाहिली नाही, खिडकीत भरून उभा असलेला डोंगरही पाहिला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याकडे तिरस्काराने बघितलं. मग खिडकीखाली धुळीत उकिडव्या बसल्या आणि जमिनीवर विती टाकायला लागल्या. लांबीला तीन, रुंदीला दोन. पुन्हा एकदा मोजलं.

"बसतो," त्या म्हणाल्या.

मी दाराला टेकून उभी होते. फाटलेल्या पदराने डोळे पुसले.

घाटकोपरला परतेपर्यंत माई बसमध्ये डुलक्या घेत होत्या. दारात शैला आणि सुधीर, दोघंही उभी. कोणाला विचारायचा धीर होईना. माईंनी चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यायल्या आणि मग सुधीरला म्हणाल्या, "उद्या हो म्हणून सांग. पाटा मी स्वतः नेणार, टेम्पोत टाकायचा नाही." शैला माझ्या गळ्यात पडली. माई आतून ओरडल्या, "आणि नलूला सांग, बारशाला जिलबी नाही!"

शैलाला मुलगी झाली. मे महिन्यात, नव्या जागेत, त्याच खिडकीसमोर पाळणा बांधून बारसं झालं. मी पुन्हा एकदा मुलुंडहून परदेशी गेले. खिडकीत डोंगर होता, खिडकीखाली पाटा. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, त्याला काजळकुंकू लावून, झबलं-टोपडं घालून. बाळ त्याच्यासारखं टणक, दीर्घायुषी व्हावं म्हणून. हे मी लहानपणापासून पाहत आले आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका बाईंनी विचारलं, "इथे म्हणे पूर्वी ज्वालामुखी होता?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. शैलाने तर हातच जोडले. मी तोंडात पेढा घातला.

"होता ना," माईच म्हणाल्या. त्यांनी पाटणच्या घरातून, पडलेल्या भिंतीखालून आलेला तो काळा वरवंटा टोपड्यासकट दोन्ही हातांनी उचलला. बायकांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत तो पाळण्याच्या वरून, खालून एकमेकींच्या हातात दिला. माझ्याही हातात आला. गार होता, दोन्ही अंगांनी. मी तो माईंना दिला आणि त्यांनी तो जपून पाळण्यात निजवला. शैला बाळाला घेऊन पुढे झाली तसा त्यांनी तिला हाताने थांबवलं.

"थांब गं. आधी थोरलं, मग धाकटं."

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी खिडकीत बसले होते. फेब्रुवारीपासून आतापर्यंत आपण सगळे मिळून बोटभरसुद्धा सरकलो नव्हतो, पण माझं काहीतरी जागचं हललं होतं. जमिनीचं लेखी कोणाला मिळत नाही. तरी माणसं खिडकीखाली विती टाकून जागा मोजतात आणि पाळणा बांधतात. एवढ्या धीराचा धडा माझ्या पुस्तकात नाही, आणि तो शिकवायला मला माईच लागल्या.

मुलुंडला जिन्यात गोखलेकाकू भेटल्याच.

"काय गं, पुन्हा अंधेरी? सापडला का तुझा ज्वालामुखी?"

"सापडला, काकू," मी म्हणाले. "टोपडं घालून पाळण्यात निजवून आलेय."